टायरवरचा आकडा आणि काट्याची पावती

(सोयगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रकावर आजचा विषय छापला होता : मालवाहतूक आणि टायर. तो वाचून दोघातिघांनी आम्हाला सकाळीच हटकले, की कापसाच्या भावाचे सोडून तुम्ही पंक्चरच्या दुकानात कधी शिरलात? त्यांचे हसणे आम्ही मनावर घेतले नाही. कारण हाही भावाचाच विषय आहे. शेतातून निघालेला माल जिनिंगच्या दारात किंवा बाजार समितीच्या ओट्यावर पोचेपर्यंत आपल्या खिशातून काय काय गळते, त्याचा हिशेब आपण मांडत नाही. हमाली लिहितो, तोलाई लिहितो, कट्टीवरून भांडतो. पण गाडीच्या चार चाकांखाली काय जाते, ते कोणी वहीत लिहीत नाही.

आधी एक प्रसंग सांगतो. मागच्या उन्हाळ्यात सोयगावहून सिल्लोडला ज्वारी घेऊन एक पिकअप निघाली होती. वेताळवाडीच्या किल्ल्याखालून हळद्याचा घाट चढत होती. आम्ही मागून मोटारसायकलवर होतो. ५० किलोच्या ४० गोण्या, आणि गोण्यांवर तीन बाया बसलेल्या. वळणावर मागचा डावा टायर फुटला. आवाज असा झाला, की सुरुंग उडाला वाटले. गाडी चढावर होती, वेग नव्हता, आणि ओढली गेली ती डोंगराच्या अंगाला. दरीच्या अंगाला ओढली गेली असती, तर आज या बैठकीत त्या गावची माणसे दिसली नसती. एका बाईचे मनगट मोडले, सहा गोण्या रस्त्यावर फुटल्या. तेवढ्यावर निभावले.

मालक म्हणाला, टायर खराब निघाला. चारच महिने झाले घेऊन. आम्ही खाली वाकून पाहिले. नक्षी चांगली होती, रबर नवे होते. दुसऱ्या मागच्या टायरमधली हवा मोजली, ३८ पौंड. त्या टायरच्या मानाने हवाही ठीक होती. मग चुकले कुठे? टायरच्या अंगावर मापाच्या पुढे एक आकडा होता : १००. सगळा उलगडा त्या आकड्यात होता, आणि मालकाने तो कधी वाचला नव्हता. खरे सांगायचे तर कृषी पदवीच्या चार वर्षांत आम्हालाही तो कोणी शिकवला नाही. जमिनीचा सामू शिकवला, नत्र-स्फुरद-पालाश शिकवले. ज्या चाकावर सगळे बाजारात जाते, त्याबद्दल अवाक्षर नाही.

तर तो आकडा काय आहे ते समजून घेऊ. टायरच्या बगलेवर लिहिलेले असते, उदाहरणार्थ, १९५ आर १५ एलटी १०६/१०४ क्यू. १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एलटी म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर. काहींवर त्याऐवजी सी असते. शेवटचे अक्षर वेगाचे, क्यू म्हणजे ताशी १६०. आपल्या रस्त्यांवर त्याची फिकीर करायचे कारण नाही. आपल्या कामाचा आकडा १०६. हे किलो नव्हेत. ही एक खूण आहे, आणि प्रत्येक खुणेला ठरलेले वजन आहे. ८६ ला ५३० किलो, ९० ला ६००, १०० ला ८००, १०२ ला ८५०, १०६ ला ९५०, १०८ ला पुरे १,००० किलो. हे वजन एका टायरचे. तिरप्या रेघेनंतरचा १०४ हा मागे जोडचाके असतील तेव्हाचा. आपल्या पिकअपला मागे एकेकच चाक, म्हणून पहिला आकडा धरायचा.

आता त्या ज्वारीच्या गाडीचा हिशेब करू. गाडीगणिक आकडे थोडे बदलतील, रीत तीच. समजा रिकामी गाडी १,७०० किलो : पुढच्या चाकांवर ९५०, मागच्यांवर ७५०. हौद मागच्या आसावर असल्यामुळे मालाचे वजन सारखे वाटले जात नाही. शंभरातले ८५-९० किलो मागेच बसतात. आपण ८८ धरू. १३ क्विंटल माल भरला, तर त्यातले सुमारे १,१५० किलो मागे. त्यात मूळचे ७५० मिळवा, १,९०० झाले. दोन चाकांत वाटले, एकेका टायरवर ९५०. म्हणजे १०६ चा टायर बरोबर काठोकाठ पुरतो, एक किलोही शिल्लक नाही. आता २० क्विंटल भरा. मागे जातात १,७६०. ७५० मिळवून २,५१०. एका टायरवर १,२५५ किलो. आणि गाडीला टायर होता १०० चा, म्हणजे ८०० किलोचा. जीपगाडीचा टायर, माप तेच, रिमवर चपखल बसला, आणि जोडीमागे काही रुपये वाचले. प्रत्येक टायरवर ४५५ किलो जास्त घेऊन ती गाडी घाट चढत होती. टायर खराब निघाला नव्हता. तो त्या ओझ्याचा नव्हताच.

दुकानात आपण विचारतो, ‘आठ पीआरचा आहे का?’ हा पीआर म्हणजे काय, हे ऐकून आपल्या कास्तकाराला गंमत वाटेल. पीआर म्हणजे पदरांची ताकद, आणि ते पदर मुळात कापसाचे होते. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात टायरच्या पोटात कापसाच्या दोऱ्यांचे कापड घालीत; जितके थर, तितका टायर बळकट. लांब धाग्याचा कापूस त्यासाठी लागे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या गुडइयर कंपनीला बाहेरून लांब धाग्याचा कापूस मिळेना, आणि तिकडच्या किनारपट्टीचा कापूस बोंडातल्या सोंडकिड्याने खाल्ला. तेव्हा कंपनीने ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात जमीन घेऊन स्वतःच कापूस लावला. त्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या गावाचे नाव आजही गुडइयर आहे. बोंडअळीने गांजलेल्या आपल्यासारख्यांना ही कहाणी परकी वाटायला नको. पुढे रेयॉन आले, नायलॉन आले, पॉलिस्टर आले, पोलादी तारा आल्या, आणि कापूस टायरमधून हद्दपार झाला. मोजमाप मात्र राहिले. आजचा ८ पीआर टायर म्हणजे कापसाच्या आठ थरांइतकी ताकद. आत थर दोनतीनच असतील. म्हणून नुसत्या पीआरवर जाऊ नका. आठ पीआरचा बारा इंची छोटा टायर आणि आठ पीआरचा पंधरा इंची टायर सारखे ओझे वाहत नाहीत. पीआर विचारा, पण शेवटी आकडा वाचा.

हवेचे प्रकरण याहून मोठे आहे. ओझे रबर वाहत नाही, हवा वाहते. टायर म्हणजे नुसती पिशवी. बेलफास्ट शहरात १८८८ साली ज्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची नळी बसवली, तो डनलप गुरांचा डॉक्टर होता. त्याच्या नावाने आपल्याकडे बैलगाडीला ‘डनलप’ म्हणू लागले. जुन्या माणसांना आठवत असेल, लाकडी चाकाची गाडी जाऊन टायरची गाडी आली तेव्हा त्याच बैलजोडीने किती जास्त कापूस ओढला. आणि हवा कमी असली, की बैल कसे माना टाकत, तेही आठवत असेल. बैल बोलून दाखवीत होते. इंजिन बोलत नाही, गुपचूप डिझेल खाते.

टायरवर लिहिलेले ९५० किलो हे पुऱ्या हवेचे वजन आहे. या जातीच्या ८ पीआर टायरला पुरी हवा बहुधा ६५ पौंडांच्या आसपास असते. बगलेवर ती छापलेली असते. तुम्ही ४५ वर गाडी चालवलीत, तर ताकद जवळजवळ पाऊणवर येते. म्हणजे १०६ चा महागडा टायर घेऊन त्याचा तुम्ही स्वस्त टायर केलात. आपल्याकडे हवा भरणारा पोरगा विचारतो, ‘किती टाकू?’ आणि चालक म्हणतो, ‘टाक पस्तीस-चाळीस.’ कारण मोटारीला तेवढीच असते आणि आकडा तोंडात बसला आहे. काहीजण हाताने टायर दाबून किंवा लाथ मारून सांगतात, ठीक आहे. आठ पीआरच्या टायरची बगल इतकी कडक असते, की ३० पौंडांवरही तो टणक वाटतो. लाथेने हवा कळत नाही. गेज लागते, आणि ते एका बियाण्याच्या पाकिटापेक्षा स्वस्त मिळते.

कमी हवेने टायर फुटतो कसा? चाक फिरताना जमिनीला लागणारा भाग दरवेळी चेपतो आणि पुन्हा उघडतो. हवा कमी आणि ओझे जास्त, तर बगल जास्त वाकते. तार वाकवून वाकवून गरम होते आणि तुटते, तसेच. मिनिटाला शेकडो वेळा हे घडते. आत उष्णता साठते, रबर आणि दोऱ्यांची पकड सुटते, थर वेगळे होतात, आणि मग एका चढावर किंवा खड्ड्यात टायर जातो. नुकसान मात्र दोन महिने आधीपासून चाललेले असते. मे महिन्यात फर्दापूरच्या उघड्या सडकेवर दुपारी गाडी हाकणाऱ्याला ही उष्णता वेगळी सांगायला नको.

आणखी एक चूक घडते. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालून आली, कोणी गेज लावले, आकडा जास्त दिसला, की चालक हवा सोडतो. ती सोडायची नाही. चालल्याने टायर तापतो, हवा फुगते, चारसहा पौंड वाढ दिसणारच. छापलेला आकडा थंड टायरचा असतो. हवा पाहायची ती सकाळी, गाडी हलायच्या आधी. आणि कापसाचा हंगाम थंडीचा असतो हे लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी भरलेली हवा पौषातल्या पहाटे न गळताही पाचसात पौंडांनी कमी भरते. चोर कोणी नसतो, थंडी असते.

मग रिकाम्या गाडीलाही ६५ ठेवायची का? नाही. रिकाम्या गाडीत पुरी हवा असली, की गाडी उडते, मधली नक्षी झिजते, ब्रेक घसरतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात कंपनीने पुढच्या-मागच्या चाकांची, रिकाम्या-भरल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. ती धरा. ज्या दिवशी माल भरायचा, त्या सकाळी मागच्या चाकांची हवा भरल्या गाडीच्या आकड्याला आणा. काळ्या रानात चिखलातून निघायला कोणी हवा उतरवतो. रुतण्यावर तो इलाज खराच आहे, ट्रॅक्टरला तर शेतात कमी हवाच बरी, जमीन कमी दबते. पण डांबरी सडकेवर आल्यावर ती पुन्हा भरायची, हे दहातले नऊजण विसरतात.

आता ज्वारी आणि कापूस यांतला फरक. ज्वारी जड माल, घनमीटरला ७०० किलोंच्या वर जाते. पिकअपच्या हौदात गोण्यांचा दीड फूट थर होतो न होतो, तोच १३ क्विंटल भरलेले असतात. गाडी अर्धी रिकामी दिसते. डोळा म्हणतो, अजून दोन थर टाक. तेवढेच वजन कापसाचे घेतले, तर उंच फळ्या लावून, माणसे वर चढून खुंदून भरले तरी ढीग माणसाच्या उंचीच्या वर जातो. म्हणून चौकीवरचा शिपाई कापसाची गाडी अडवतो आणि ज्वारीची, खताची सोडतो. खरा धोका दुसरीकडे असतो. खताचेही तेच : डीएपीच्या ३० गोण्या म्हणजे १५ क्विंटल, हौदाच्या तळाशी कुठेतरी दिसतात. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, एवढाच दिलासा. कापसाच्या गाडीचा धोका वेगळा : वजन उंच असते, आणि मागे हवा कमी असली तर वळणावर गाडी झोके घेते.

कितीजणांनी मागे पाटा वाढवून घेतला आहे? हात वर करू नका, आम्हाला ठाऊक आहे. पाटा वाढवला, की गाडी बसत नाही, एवढेच होते. आस तोच, ब्रेक तेच, टायरवरचा आकडा तोच. फक्त गाडी ज्या खुणेने सांगत होती, की आता पुरे, ती खूण आपण मोडून टाकतो. मजुराला ताप उतरवायची गोळी देऊन रानात धाडावे, तसले हे काम.

गाडीवर किती ओझे आहे, हे कसे कळणार, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तुमच्या खिशात आहे. जिनिंगला जाता तेव्हा गाडीचा भरलेला काटा होतो आणि माल उतरल्यावर रिकामा काटा होतो. पावतीवर दोन्ही आकडे असतात. आपण फक्त त्यांची वजाबाकी पाहतो आणि क्विंटलला भाव लावतो. वरचा आकडाही वाचा. गाडीच्या नोंदणी पुस्तकात एकूण भरल्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती त्याच्या शेजारी मांडा. आणि एक दिवस, गर्दी नसेल तेव्हा, काटेवाल्याला विनंती करून फक्त मागची चाके काट्यावर चढवा. जो आकडा येईल, त्याचे निम्मे म्हणजे एका टायरवरचे ओझे. ते टायरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

कायद्याचेही सांगतो, कारण तो आपल्या बाजूने क्वचितच असतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीने जादा ओझ्याला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड लिहिला गेला. ज्वारीच्या एका खेपेत एवढे सुटत नाही. विम्याचे त्याहून वाईट. मालाचा मालक मालासोबत बसला असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर विमा त्याला धरतो. पण मालगाडीत नुसती बसायला घेतलेली माणसे विम्यात येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. त्या घाटातल्या बाईच्या मनगटाचा खर्च शेवटी तिच्याच घरच्यांनी केला. वेचणीला जाणाऱ्या बायांची गाडी हा प्रश्न निव्वळ टायरचा नाही. पण गोण्यांवर माणसे बसवणे आपण आपल्या गावात तरी बंद करू शकतो, त्याला कोणा साहेबाची सही लागत नाही.

आम्ही गाडीवाल्याला दोष द्यायला उभे नाही. तो जास्त का भरतो? एका खेपेचे भाडे एका खेपेच्या मालातून निघत नाही म्हणून. मालाला भाव नाही, म्हणून भाड्यात घासाघीस. भाडे पडते, म्हणून गोण्या वाढतात. आणि गोण्या वाढतात ते स्वस्त टायरवर. तोटा वरून खाली घसरत येतो आणि शेवटी चाकाखाली फुटतो. सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा कर ५ टक्क्यांवर आणला, चांगले केले. पिकअपच्या टायरवर २८ चे १८ झाले. म्हणजे शेत नांगरले की शेती, आणि पिकलेले बाजारात नेले की व्यापार! ही विभागणी कोणत्या शास्त्राने केली, ते आम्हाला विद्यापीठातही कोणी सांगितले नाही. पाच टायर कंपन्यांनी २०११-१२ मध्ये संगनमताने भाव ठरवले, असे म्हणून स्पर्धा आयोगाने २०१८ साली त्यांना मिळून १,७८८ कोटी रुपयांचा दंड केला होता. २०२२ च्या डिसेंबरात अपिलात ते प्रकरण पुन्हा आयोगाकडे गेले. केरळातला रबर पिकवणारा शेतकरी यात कुठे बसतो, ती आणखी वेगळी कथा. तिला आज वेळ नाही.

टायर घेताना दोन गोष्टी आणखी पाहा. बगलेवर चार अंकांची तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात चारपाच वर्षे पडून असलेला ‘नवा’ टायर घेऊ नका, रबर म्हातारे होते. आणि एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन, किंवा एक १०६ चा आणि एक १०० चा, असा संसार मांडू नका. पुढे बरा आणि मागे जुना, ही वाटणीही मालगाडीत उलटी पडते. ओझे मागे आहे. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद. खाचेतल्या उंचवट्याला नक्षी टेकली, की समजावे.

बैठक संपली, की बाहेर ज्या पिकअप आणि छोटा हत्ती उभे आहेत, त्यांच्याकडे आपण सगळे जाणार आहोत. गेज आम्ही आणले आहे. मालकांनी नोंदणी पुस्तक आणि असेल तर मागच्या हंगामाची काट्याची पावती हातात ठेवावी. मागच्या चाकांपासून सुरुवात करू. गाड्या आता तासभर उभ्या आहेत, टायर थंड झाले असतील.